बारीक रेघेसाठी केवढा खटाटोप

हा ‘बास्करव्हिल’ या इंग्रजी टाइपातला कॅपिटल ‘क्यू’. त्याची शेपटी बघा, पार शेजारच्या अक्षराखाली बिनदिक्कत पसरली आहे. आणि हा स्मॉल ‘जी’. खालचा फुगा पुरा व्हायच्या आधीच हात उचललेला.

बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल तरुणपणी सुलेखन शिकवायचा, दगडावर अक्षरं कोरायचा. पैसा मात्र त्याने कमावला तो चकचकीत रोगण दिलेल्या वस्तूंच्या धंद्यात. खिसा गरम झाल्यावर, १७५० च्या सुमारास, तो छपाईच्या नादी लागला.

अक्षराच्या दांड्याला टोकाशी जे छोटे आडवे पाय असतात, ते सेरिफ. बास्करव्हिलने ते धारदार केले. जाड रेघ आणि बारीक रेघ यांतला फरक वाढवला, गोलाईचा तिरपा कल जवळपास उभा केला. त्याच्या आराखड्यांवरून पोलादी पंच, म्हणजे टाइपाचे साचे ज्यांवरून बनतात ते ठसे, कोरले जॉन हँडीने.

पण एवढी बारीक रेघ कागदावर उमटायची कशी? तेव्हाच्या कागदावर साच्यातल्या तारांचे वळ असायचे. मग जेम्स व्हॉटमनचा विणलेल्या जाळीवरचा गुळगुळीत कागद आला. शाई बास्करव्हिलने स्वतः बनवली, जास्त काळी. छापलेली पानं तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबून काढली. १७५७ साली रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याचा ग्रंथ बाहेर पडला. रुंद समास, नक्षी जवळपास नाहीच. माझ्या मते ही रिकामी जागाच त्याची खरी चैन.

टीकाही झाली. या अक्षरांनी देशभरचे वाचक आंधळे होतील, असं एका गृहस्थाने बेंजामिन फ्रँकलिनला ऐकवलं. फ्रँकलिन बेरकी. त्याने विल्यम कॅस्लन या दुसऱ्या इंग्रज टाइपकाराच्या अक्षरांचा नमुना घेतला, वरचं नाव फाडलं आणि ‘हे बास्करव्हिलचं’ म्हणून पुढे केला. गृहस्थाने दोष पटापट दाखवले, डोळेही दुखू लागल्याचं सांगितलं. जन्मभर तो कॅस्लनचीच अक्षरं वाचत आला होता! फ्रँकलिनने त्याला खरं काही सांगितलं नाही.

१७७५ मध्ये बास्करव्हिल गेला. १७७९ मध्ये त्याच्या पत्नीने पंच फ्रान्सच्या बोमार्शे या नाटककाराला विकले. व्होल्तेरचं समग्र साहित्य छापायला त्याला ते हवे होते. बरेच हात बदलून १९५३ मध्ये ते इंग्लंडला, केंब्रिजमध्ये परतले. त्याआधीच, १९२३ मध्ये, मोनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीने हे वळण पुन्हा बाजारात आणलं होतं.

आज ते कादंबऱ्यांच्या पानांत भेटतं. कॅनडा सरकारच्या बोधचिन्हातही थोड्या फेरफारांसह तेच आहे, शेवटच्या ‘ए’वर झेंडा लावून. मोठ्या शीर्षकात ते देखणं दिसतं. लहान आकारात, पडद्यावर मात्र बारीक रेघा विरतात. इथे कागद बदलायची सोय नाही. म्हणून ‘लिब्रे बास्करव्हिल’ हा फॉन्ट करताना अक्षरालाच हात घातला: स्मॉल अक्षरं उंच केली, पोटातली पोकळी मोकळी केली आणि जाड-बारीक रेघांतला फरक थोडा कमी केला.