पकड आणि सोडवणूक

(उद्यमनगरातील लघुउद्योजकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माईक जरा खाली घ्या. अजून. हं, बास.

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर माझा विषय लिहिलाय : 'संगणकाचे सुटे भाग, वर्कशॉपची अवजारं आणि पेटंटचा अर्ज'. विषय बरोबर आहे. मला चाळीस मिनिटं दिलीत, त्यातली आठ सत्कारात गेली. फेटा मात्र पोरानं कसून बांधलाय, कानावर रग लागलीय. तेव्हा सुरुवात विषयाला धरूनच झाली म्हणायची. कारण गेली वीस वर्षं मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत आलोय, आणि घरचे आता ऐकत नाहीत म्हणून तुमच्यापुढं उभा आहे. छोटे शोध घ्या, कुठलेही घ्या, त्यांच्या मुळाशी दोनच कामं सापडतात. एक धरायचं, दुसरं सोडायचं.

हे कोल्हापुरात समजावून सांगायला नको. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात बसून आपण काय बघतो? यानं पट काढला, त्यानं पकड केली, आता सुटतो कसा? हजारो माणसं श्वास रोखून एका पकडीकडं बघत असतात. तेच वर्कशॉपात. व्हाइस धरतो, चक धरतो, कोलेट धरतं. आणि धरणं सोपं असतं हो. वेल्डिंग मारलं की धरलंच. अक्कल लागते ती सोडण्यात. घट्ट धरायचं आणि हवं तेव्हा एका बोटानं सोडायचं, या दोन्हीच्या मधे पेटंट असतं.

संगणकाचा डबा उघडा. रॅमची पट्टी दाबली की दोन्ही बाजूंचे कान 'टक्' करून आत येतात. ते कान बाहेर ढकलले की पट्टी वर येते. धरलं, सोडलं. प्रोसेसर पूर्वी अंगठ्यानं दाबून बसवायला लागायचा, पिना वाकायच्या, आणि वाकलेली पिन सुईनं सरळ करताना गिऱ्हाईक डोक्यावर उभं. मग शेजारी दांडीवालं सॉकेट आलं. दांडी वर, प्रोसेसर अलगद आत, दांडी खाली. लेथवर हत्यार धरणाऱ्या आपल्या टूलपोस्टची मूठ फिरवल्यासारखंच. इंटरनेटच्या वायरीच्या टोकाची ती नखाएवढी प्लॅस्टिकची पट्टी बघा. मूळची ती टेलिफोनसाठी बेल कंपनीच्या लोकांनी 1970च्या दशकात केलेली. आज जगातली निम्मी ऑफिसं त्या नखावर लोंबकळतायत, आणि ते तुटलं की आपण वायरीला सेलोटेप लावतो. हसू नका, माझ्या ऑफिसात आत्ता लावलेलाच आहे.

आता चक, म्हणजे ड्रिलिंग मशीनचा तो जबडा, ज्यात ड्रिल आवळून धरतात. आपल्यातली जुनी माणसं 'जेकब चक' म्हणतात. हा जेकब कुठला साहेब होता असं मला एका पोरानं विचारलं होतं. आर्थर जेकब्स, अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. त्या काळचा चक पान्ह्यानं आवळायला लागायचा. पान्हा निसटला आणि याच्या बोटांची सालटं निघाली, अशी कथा सांगतात. सालटं आपल्या सगळ्यांचीच निघतात. आपण हळद लावतो आणि पोराला शिवी देतो. त्यानं घरी जाऊन दातेरी कड्याचा आणि दातेरी किल्लीचा चक काढला, 1902 साली पेटंट घेतलं आणि कंपनी काढली. ज्या किल्लीनं तुम्ही सकाळी ड्रिल आवळलात, ती त्या सोललेल्या बोटांची.

आणि याच किल्लीनं माझं वाटोळं केलं. हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. अध्यक्षसाहेब घड्याळ बघतायत, बघू देत.

2003 साल. माझ्या शेडमध्ये एक खांबाचं ड्रिलिंग मशीन होतं. नव्या पोरानं चक आवळला, किल्ली तशीच चकात ठेवली आणि बटण दाबलं. किल्ली सुटली ती माझ्या कानाजवळून गेली आणि भिंतीवरच्या घड्याळात घुसली. अकरा वाजून दहा मिनिटं. ते घड्याळ मी अजून दुरुस्त केलेलं नाही. आमचे मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी घड्याळातनं किल्ली उपसून काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ''मालक, हिला आतच राहू वाटतंय. हिला बाहेर पडायची सवय लावा.''

एवढंच. पण मला ते वाक्य झोपू देईना. किल्ली चकात राहते, कारण तिला तिथं ठेवून हात काढता येतो. हात काढला की ती आपणहून बाहेर पडली तर? किल्लीच्या टोकाची ती गुळगुळीत पिन असते ना, चकाच्या भोकात जाते ती, तिला मी आतून पोकळ केलं. आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या पुढं छोटा दट्ट्या. दाबून धरलंत तर दात दातांत बसणार, चक आवळणार. हात सोडला की दट्ट्या भोकाच्या तळाला रेटून किल्लीला बाहेर फेकणार. पहिली स्प्रिंग बॉलपेनमधली काढून घातली. मिळमिळीत निघाली, किल्ली हलेना. मग पियानो वायर आणून लेथवर स्वतः स्प्रिंग वळली. ती इतकी कडक झाली की किल्ली उडून मेस्त्रींच्या चहात पडली. मेस्त्री म्हणाले, ''सवय लागली.'' तिसरी स्प्रिंग बरोबर जमली. मी सहा किल्ल्या केल्या, मुठींना निळा रंग दिला.

आता यापुढचं नीट ऐका, कारण इथं बसलेल्या निम्म्या लोकांनी हेच केलेलं आहे. महिन्याभरात एक औद्योगिक प्रदर्शन होतं. मी टेबल घेतलं, हिरवं कापड अंथरलं, त्यावर सहा किल्ल्या मांडल्या. आणि बोलत सुटलो! आपला माणूस शोध लावून थकत नाही, पण सांगितल्याशिवाय त्याला पचत नाही. एकानं स्प्रिंगची तार किती जाड विचारली, मी सांगितली. एकानं दट्ट्याला कडकपणा किती दिलाय विचारलं, तेही सांगितलं. एका सद्‌गृहस्थाला तर त्याच्याच व्हिजिटिंग कार्डाच्या मागं मी आडवा छेद काढून दिला, मापांसकट. त्यांनी मला चहा पाजला. संध्याकाळी आवराआवर करताना किल्ल्या मोजल्या, तर पाच.

चार महिन्यांनी दुसऱ्या एका गावात हार्डवेअरच्या दुकानात ती टांगलेली दिसली. मूठ पिवळी, बाकी हुबेहूब. माझ्या स्प्रिंगला सात वेटोळी होती, हिलाही सातच. का सात? मला सात जमली म्हणून. त्याला काहीही कारण नव्हतं!

मी ताडताड पुण्याला एका पेटंट एजंटकडं गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, अर्ज केव्हा केला? नाही केला. कुणाला दाखवलंत? सगळ्यांना. कागदावर काही आहे? आहे, पण तो कागद त्या गृहस्थांकडं आहे. मग त्यांनी संगणक चालू केला, दहा-पंधरा मिनिटं शोधलं आणि पडदा माझ्याकडं फिरवला. समोर अमेरिकन पेटंटचं चित्र. पोकळ पिन, स्प्रिंग, दट्ट्या. माझ्या किती तरी वर्षं आधीचं.

म्हणजे बघा, जी वस्तू माझी नव्हतीच ती माझ्याकडनं चोरीला गेली होती. तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची? दोन दिवस मला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मिसळ खाल्ली आणि पेटंटचा कायदा वाचायला घेतला. तो अजून वाचतोच आहे.

माझं दुःख किल्लीएवढंच. पीटर रॉबर्ट्सचं ऐका. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीत कारकून, वय अठरा. यानं रॅचेटला, म्हणजे गोट्या बदलून वापरायच्या पान्ह्याला, एक बटण बसवलं. अंगठ्यानं दाबलं की गोटी, म्हणजे सॉकेट, त्याच हातानं सुटते. दुसरा हात लागत नाही. ग्रीसनं बरबटलेल्या हातानं गोटी ओढून काढलेली माणसं इथं आहेत, त्यांना याची किंमत सांगायला नको. 1965 साली पेटंट मिळालं. मालकांनी ते याच्याकडून घेतलं, नगाला दोन सेंट आणि तेही जास्तीत जास्त दहा हजार डॉलरपर्यंत. पुढच्या दहा वर्षांत एक कोटी नव्वद लाखांवर पान्हे विकले गेले. पोरगं कोर्टात गेलं, ज्युरीनं फसवणूक मानून दहा लाख डॉलर द्यायला सांगितले, 1978 साली वरच्या कोर्टानं ते कायम ठेवले, आणि तरी भांडण पुढं कित्येक वर्षं चाललं. इथं शोध त्याचाच होता, पेटंटही त्याच्याच नावावर होतं. त्यानं पकड चांगली केली. सोडताना चितपट झाला.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' ठीक आहे. आता ज्यासाठी तुम्ही आलात ते.

आधी एक गैरसमज. पेटंट वेगळं, जीआय, म्हणजे मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन, वेगळं. कोल्हापुरी चपलेला 2019 साली जीआय मिळालं, ते आपल्या आणि कर्नाटकच्या मिळून काही जिल्ह्यांचं. 2025 साली मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दिसल्यावर आपण केवढे चिडलो. पण ते गावाच्या नावाचं रक्षण आहे. पेटंट नव्या युक्तीचं असतं, आणि अर्ज केल्याच्या तारखेपासून वीस वर्षांचं. नुसता आकार नवा असेल तर डिझाइनची नोंदणी करा, ती दहा अधिक पाच वर्षं.

दुसरं, दाखवायच्या आधी अर्ज. प्रदर्शनासाठी पेटंट कायद्यात कलम 31 ची सवलत आहे, पण ती सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला, आणि बारा महिन्यांच्या आत. गावातल्या मांडवाला नाही. मोठमोठे यात फसलेत. 'एनिअ‍ॅक' हा अवाढव्य संगणक फेब्रुवारी 1946 मध्ये जगाला दाखवला, पेटंटचा अर्ज गेला जून 1947 मध्ये. अमेरिकेत सूट एका वर्षाची. पेटंट 1964 साली हातात आलं आणि 1973 साली कोर्टानं रद्द केलं. कारणं आणखीही होती, अ‍ॅटनासॉफ नावाच्या प्राध्यापकाचं आधीचं काम त्यात निघालं, पण हा उशीरही त्यात होता. आणि अ‍ॅटनासॉफच्या यंत्राचा पेटंट अर्ज? तो त्यांच्या विद्यापीठानं कधी दाखलच केला नाही!

तिसरं, पैसे. वैयक्तिक नावानं ऑनलाइन अर्ज केलात तर सुरुवातीची फी 1,600 रुपये. एका डायमंड टूलच्या पैशात होतं. आधी तात्पुरतं विवरण द्या, बारा महिन्यांत पूर्ण द्या. तपासणीची विनंती वेगळी, तिचे पैसे वेगळे, ती 31 महिन्यांच्या आत. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठीत चालत नाही. यावर मला बोलायचं होतं, अर्धा तास पुरला नसता, जाऊ दे.

चौथं आणि खरं, क्लेम, म्हणजे दावा. अर्जातलं सगळं विसरा, कोर्ट बघतं ते दाव्याचं वाक्य. ते एकच वाक्य असतं. माझ्या किल्लीचं, समजा जगात आधी कुणी केली नसती तर, असं झालं असतं : 'ड्रिलच्या चकाची किल्ली, जिला दातेरी डोकं आहे, डोक्याच्या पुढं पोकळ पिन आहे, आणि पिनेत अशी स्प्रिंग आहे की हात काढताच किल्ली चकाबाहेर ढकलली जाते.' बरं वाटतं? चूक. 'स्प्रिंग' म्हणालात, शेजारचा रबराचा तुकडा घालणार आणि सुटणार. म्हणून पहिल्या दाव्यात 'ढकलणारं साधन' म्हणा, आणि 'ते साधन म्हणजे स्प्रिंग' हे खालच्या दाव्यात घ्या. आणि एकही जादा शब्द घालू नका. 'निळी मूठ' लिहिलंत की पिवळ्या मुठीवाला मोकळा. तुमच्या दाव्यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या मालात असली तरच तो सापडतो.

डग्लस एंगलबार्टचा माउस आठवा. लाकडी खोका, खाली दोन चाकं. 1970 साली पेटंट मिळालं, त्यात त्याचं नाव माउस नव्हे, 'पडद्यावर जागा दाखवणारं साधन' अशा अर्थाचं. नाव बघा किती रुंद. पण खाली दावे चाकांना चिकटले, नंतर चाकांच्या जागी गोळी आली, आणि घरोघरी माउस पोचेपर्यंत पेटंटची मुदतही संपली. एंगलबार्टला रॉयल्टीचा छदाम मिळाला नाही.

सॉफ्टवेअरचं विचारू नका, कलम 3(के), नुसत्या प्रोग्रॅमला आपल्याकडं पेटंट नाही. दोन जुन्या वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोघी आपापलं जुनंच काम करत राहिल्या तर तेही नाही, 3(एफ). टॉर्च लावलेला हातोडा घेऊन कुणी माझ्याकडं येऊ नका. गेल्या वर्षात तीन आले.

अध्यक्ष उभेच राहिलेत. प्रश्न चहाच्या वेळी घेतो. त्या सहातली उरलेली एक किल्ली, निळ्या मुठीची, मी इथं टेबलावर ठेवतोय. हातात घ्या, दाबून बघा, वेटोळी मोजा. फक्त जाताना परत ठेवा. मागच्या भाषणाला मी दोन आणल्या होत्या.