सशाची पैदास: नराची निवड वहीतून करा

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

ससेपालन म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतात त्या ‘पिल्लं घ्या, वाढवा, आम्हीच परत घेतो’ असं सांगणाऱ्या योजना आणि त्यांत बुडालेले पैसे. त्या व्यवहारावर आज बोलत नाही. ज्यांच्याकडे दहा-पंधरा माद्या आहेत, जवळपासच्या ढाब्याला, गिऱ्हाइकाला माल जातो, पण पिल्लं मरतात म्हणून ज्यांनी हात टेकलेत, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे.

पिल्लं मरतात कधी, ते आधी बघू. मादी साधारण ३१ दिवसांत विते. पिल्लू जन्मतं ते उघडं, डोळे मिटलेलं, पन्नास-साठ ग्रॅमचं. आई बहुधा दिवसातून एकदाच पाजते, तेही तीन-चार मिनिटं. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं दाण्याला तोंड लावतात, आणि महिना-पाच आठवड्यांची झाली की आपण त्यांना आईपासून तोडतो. खरा धोका त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत असतो. दूध बंद झालेलं, पोटातले पचनाचे जंतू अजून नीट बसलेले नाहीत, त्यात वजन लवकर यावं म्हणून कोणी मका, भरडा जास्त टाकतो. पोट फुगतं, हगवण लागते. पावसाळ्यात भर पडते ती कॉक्सिडियाच्या, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीच्या, रोगाची.

यात पहिलं काम गोठ्यातलं आहे, वंशाचं नंतर. कोरडा पिंजरा, स्वच्छ पाणी, खाण्यात भरपूर तंतू, म्हणजे वाळलेलं गवत, लसूणघास, हरभऱ्याचा भुसा. सगळ्याच पिंजऱ्यांत एकदम मर लागली तर वंशाला दोष देऊ नका, दाणा आणि लेंड्या तपासा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळच्या दवाखान्यातही लेंड्यांचा नमुना नेता येतो.

पण एकाच शेडात, एकाच दाण्यावर एका मादीची बहुतेक पिल्लं दर वेताला जगतात आणि शेजारणीची निम्मीच, असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर तिथे वंशाचा विचार सुरू करायचा.

उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्याला हे नव्यानं सांगायला नको. जुळी देणाऱ्या शेळीचं करडू तो विकत नाही, ठेवून घेतो. सशात मात्र आपण काय करतो? तोडणीच्या दिवशी जे पिल्लू सगळ्यात जाड, तेच पैदाशीला ठेवतो. वजनाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी जमतं, कारण पिल्लापिल्लांच्या वजनातल्या फरकाचा शेकडा वीस ते चाळीस भाग वंशातून आलेला असतो. पोटाच्या आजाराला तोंड देण्याची ताकद तशी नाही. तिथे वंशाचा वाटा शेकडा दहाहून कमी. म्हणजे एक धट्टंकट्टं पिल्लू पाहून त्याच्या पुढच्या पिढीचं पोट कसं असेल, ते कळत नाही. ते कळतं भावंडांवरून, आणि भावंडंही भरपूर हवीत.

म्हणून वही लागते. प्रत्येक मादीला आणि नराला नंबर द्या. वेताची तारीख, बाप कोण, किती जिवंत जन्मली, तोडताना किती होती, दहा आठवड्यांना किती उरली, एवढेच रकाने. एका वेतावरून निकाल लावू नका, सात-आठ पिल्लांत नशिबाचा हात मोठा असतो. नराचं गणित आधी करा, कारण एका नरामागे आठ-दहा माद्या असतात आणि त्याची पिल्लं लवकर शंभरावर जातात. समजा, तोडणीनंतर एका नराच्या शंभरातली बारा गेली आणि दुसऱ्याच्या शंभरातली पंचवीस, माद्या सारख्याच, मोसम तोच. मग दुसरा नर दिसायला कितीही देखणा असो, काढून टाका. मी वजनापेक्षा या आकड्याला जास्त मान देतो.

मादीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. ती पिल्लाला रक्त देते, शिवाय दूध आणि घरटंही देते. जी मादी स्वतःची लव उपटून घरटं भरत नाही, तिची पिल्लं थंडीत गारठतात, त्यात पिल्लांच्या पोटाचा दोष नाही. दोन माद्या एकाच दिवशी व्याल्या तर एकीची जास्तीची पिल्लं दुसरीखाली लावता येतात. जरूर लावा, पण वहीत खरी आईच लिहा. नाहीतर पुढचं सगळं गणित चुकतं.

स्पेनमध्ये या विषयावर मोठं काम झालंय. व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी व्यापारी फार्मवर हिंडून खूप वेतं होऊनही पिल्लांच्या संख्येत मागे न पडलेल्या माद्या हुडकल्या आणि त्यांच्यापासून एक ओळ, म्हणजे पैदाशीचा वेगळा वंश, तयार केली. तिच्या माद्या जास्त काळ टिकतात. एल्चेच्या विद्यापीठात वेगळाच प्रयोग झाला. काही माद्यांची वेतं एकदा नऊ, एकदा तीन अशी खालीवर होतात, काहींची जवळपास सारखी. दहाहून अधिक पिढ्या दोन्ही प्रकारांची वेगवेगळी निवड केली, तेव्हा सारख्या वेतांच्या ओळीतल्या माद्या ताण आणि आजार जास्त चांगला सोसताना दिसल्या. फ्रान्समध्ये तर १९९६-९७च्या सुमारास सशांत पोटाच्या साथीनं थैमान घातलं, तेव्हापासून तिथले पैदासकार हगवणीच्या नोंदीही निवडीत धरू लागले. ते ससे आपल्याकडे आणायची गरज नाही. आपल्याच न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला माद्यांत जी जुनी झाली तरी नेमानं वेत देते, तिची पिल्लं राखून ठेवा.

आता लहान फार्मवरचा सगळ्यात मोठा रोग सांगतो. एक नर आणून त्याच्याच लेकींना तोच नर लावायचा. बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत शेकडा पंचवीस इतकं रक्त जवळ येतं. वेत लहान होतं, पिल्लं कमजोर निघतात आणि लपलेले दोष वर येतात. वाकडे वाढणारे दात पाहिलेत ना? तार कुरतडून किंवा मार लागूनही दात वाकतात. पण एकाच वेतात दोन-तीन पिल्लं तशी निघाली तर दोष बहुतेक दोन्हीकडून आलेला असतो, मग आई आणि बाप दोघंही पैदाशीतून बाद करा.

काहीजण विचारतात, रानातला ससा चिवट असतो, त्याचा संकर करू का? होणारच नाही. रानससा वेगळ्या प्रजातीतला, त्याची गुणसूत्रं ४८, पाळीव सशाची ४४. शिवाय रानससा पकडणं, पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

बाहेरचं रक्त हवं असेल तर दुसऱ्या गावच्या, वही ठेवणाऱ्या पाळकाशी नराची अदलाबदल करा. सात-आठ जणांनी गट केला तर दर दीड-दोन वर्षांनी नर फिरवता येतो. आणलेला नर तीन आठवडे वेगळा ठेवा, नाक वाहतंय का, कानात खरूज आहे का, बघा. हे काम मे महिन्यात करू नका. पारा चाळिशीच्या वर गेला की नराचं वीर्य खराब होतं आणि ऊन उतरल्यावरही काही आठवडे मादी गाभण राहत नाही. चांगला नर नापास ठरवून विकाल. दसरा-दिवाळीच्या सुमारास अदलाबदल करा, नर सहा महिन्यांच्या आसपासचा घ्या आणि त्याच्याबरोबर त्याच्या भावंडांचं वहीतलं पानही मागून घ्या.

नमस्कार.