स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम: ५१२ बाइट आणि एक 'सिद्धेश्वर'

नमस्कार मंडळी! मागे खटखट ऐकू येतेय ना? शेजारी यंत्रमाग चालू आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहून 'जरा माग बंद करा' म्हणायची सोय नसते, तेव्हा सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची, किंवा दुसऱ्यांच्यात हातभार लावायचा. मित्राला सांगितलं तर म्हणाला, "काय करायलास बे? विंडोज बंद पडली काय?" नाही पडली. हौस आहे.

जुन्या पद्धतीचा बायोस, म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, काय करतो, तर डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलतो आणि मेमरीत ७सी०० या पत्त्यावर ठेवतो. त्यातले शेवटचे दोन बाइट हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ५५ आणि एए असलेच पाहिजेत, नाहीतर ही बूट होणारी डिस्क आहे असं तो मानतच नाही. उरले ५१०. तेवढ्यात तुमचा संसार. (बायोसच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआयची तऱ्हा वेगळी, तिकडे आज जात नाही.)

मग बी८००० या पत्त्यावर एक बाइट अक्षराचा आणि एक रंगाचा लिहा, स्क्रीनवर अक्षर उमटतं. ८० रकाने, २५ ओळी. पहिलं अक्षर आलं तेव्हा मी रात्री एक वाजता आईला उठवून दाखवलं होतं. ती म्हणाली, "बरं, आता झोप."

हे सगळं क्यूएमू या आभासी कॉम्प्युटरमध्ये करा, खऱ्या लॅपटॉपवर नको. चूक झाली की इथे एरर येत नाही. ट्रिपल फॉल्ट (चूक सांभाळताना चूक, तीही सांभाळताना पुन्हा चूक) होतो आणि मशीन गपचूप पुन्हा सुरू होतं, पुन्हा, पुन्हा. म्हणून क्यूएमूला नो-रीबूटचा पर्याय द्यायचा, म्हणजे पडलं तिथंच थांबतं.

माझे तीन दिवस कीबोर्डने खाल्ले. पहिली कळ दाबली की अक्षर यायचं, दुसरीला काहीच नाही. कारण समजल्यावर कपाळावर हात मारला. कळ दाबली की इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला 'इकडे बघ' अशी हाक, येतो, आणि तो घेतल्यावर ती हाक पोचवणाऱ्या इंटरप्ट कंट्रोलरला 'काम झालं' असं कळवावं लागतं. पोस्टमनकडून पत्र घेतलं पण पोचपावतीवर सही केली नाही, तर तो पुढचं पत्र देईल का? माझा पोस्टमन दारात सहीची वाट बघत उभा होता.

एवढं झालं की बहुतेक जण थकतात, आणि मला वाटतं तेव्हाच दुसऱ्याच्या प्रकल्पात शिरावं. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स 'नुसती हौस' म्हणूनच जाहीर केलं होतं. अँड्रियास क्लिंग यानं २०१८ मध्ये सेरेनिटीओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम एकट्यानं सुरू केली. बीओएस ही जुनी सिस्टीम बुडाल्यावर २००१ पासून तिच्या धर्तीवर हायकू ही सिस्टीम उभी राहिली, तेही हौशी लोकांच्या जिवावर. एकट्यानं सुरू होतं, एकट्यानं टिकत नाही.

मी पहिल्यांदा एका प्रकल्पाला हजारभर ओळी एकदम पाठवल्या. उत्तर आलं, तुकडे करा. राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. एवढं सगळं फुकटात वाचणार कोण? पुढं सहा ओळींची दुरुस्ती पाठवली, ती लगेच स्वीकारली गेली. हायकूच्या तक्रारींच्या यादीत सोप्या कामांवर 'इझी' अशी खूण असते, तिथून सुरुवात करा.

पण आपल्याला जमेल असं खरं काम वेगळंच आहे. वरच्या त्या ८० रकान्यांच्या टेक्स्ट मोडमध्ये अक्षर म्हणजे आठ बाय सोळा ठिपक्यांची चौकट. मी चौकटीच्या कागदावर देवनागरी काढत बसलो होतो. शेजारचे मामा आले, त्यांनी आयुष्यभर चादरींची डिझाइनं काढलीत. बघून म्हणाले, "हे तर आमचंच काम की रे." जॅकार्डचंही, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचंही, असंच. चौकोन भरला तर धागा वर, रिकामा तर खाली. मग स्क्रीनकडे बघून त्यांनीच विचारलं, "'सिद्धेश्वर'मधली वेलांटी 'स'च्या नंतर का आलीय?"

बरोब्बर! मेमरीत हा शब्द दहा कोडचा आहे, म्हणजे प्रत्येक खुणेला एक आकडा. स, मग वेलांटी, मग द, हलन्त, ध... काढताना मात्र वेलांटी 'स'च्या आधी काढायची, आणि 'द्ध', 'श्व' जोडायचे. याला शेपिंग म्हणतात. अँड्रॉइड, फायरफॉक्स हे काम हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतात. नव्या, हौशी सिस्टीममध्ये त्याची खात्री नसते. तिथला एडिटर उघडा, 'सिद्धेश्वर', 'सूर्य', 'कुऱ्हाड' टाका. मोडलं तर फोटो काढून, कोणते कोड दिले आणि काय दिसायला हवं होतं ते लिहून पाठवा. आमच्या गल्लीत तर तेलुगू आणि कन्नड वाचणारेही आहेत, तपासायला लांब जायला नको. तीन लिप्या एका चहात होतात.

पहिल्या ५१२ बाइटचा कोड व्हिडिओखाली ठेवलाय. शेवटचे दोन बाइट मुद्दाम काढलेत. आधी तसाच चालवून बघा.