उडत्या चतुराचे छायाचित्र

नमस्कार, श्रोतेहो. भाद्रपद सरत येतो, पाऊस उघडीप देतो आणि पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या माळांवर, शाळांच्या मैदानांवर, भाताच्या खाचरांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. काडीवर बसलेल्या चतुराचे छायाचित्र थोडा संयम असलेल्या कोणालाही जमते. मात्र या कीटकाचे खरे कसब त्याच्या उड्डाणात आहे आणि ते कॅमेऱ्यात धरायला गेले की बहुतेकांच्या पदरी रिकामे आभाळ पडते. चतुराचा पाठलाग करून उपयोग नसतो. तो कुठे येणार आणि कसा उडणार हे आधी ओळखून तिथे थांबावे लागते, एवढेच आज मला सांगायचे आहे.

आधी पंखांचा विचार करू. माशी किंवा मधमाशी आपल्या छातीचा सांगाडा कंप पावेल अशा रीतीने पंख हलवते. चतुराचे स्नायू मात्र थेट पंखांच्या मुळांशी जोडलेले असल्यामुळे तो चारही पंख स्वतंत्रपणे वळवू शकतो आणि त्यामुळेच त्याला हवेत जागच्या जागी थांबता येते, क्षणात दिशा बदलता येते, प्रसंगी मागेही सरकता येते. मोठा चतुर सेकंदाला साधारण ३० वेळा पंख मारतो. पंख ४ सेंटीमीटर लांब धरला, तर ढोबळ हिशेबाने सेकंदाच्या ५०० व्या भागात त्याचे टोक सहा-सात मिलिमीटर सरकते, २००० व्या भागात दीड-पावणेदोन मिलिमीटर आणि ४००० व्या भागात एक मिलिमीटरहूनही कमी. म्हणून शटरचा वेग २००० च्या, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या, खाली सहसा नेऊ नये. पण माझे वैयक्तिक मत असे, की पंखांची टोके किंचित पुसट झाली तरी चालतील, डोळे आणि छाती मात्र रेखीव हवीत. पंखांची शीर न् शीर गोठवलेले चित्र पुष्कळदा संग्रहालयातल्या पेटीत टाचलेल्या नमुन्यासारखे निर्जीव वाटते.

आता जागेची निवड. सुरुवात तळ्याकाठी करावी, कारण तिथले नर आपापली हद्द राखत ठरावीक वाटेने फिरत असतात. अ‍ॅनॅक्स गटातला मोठा हिरवा-निळा नर काठाला समांतर जातो, एखाद्या वळणावर क्षणभर तरंगत थांबतो, पुढे जातो आणि बऱ्याचदा त्याच वाटेने परततो. दोन-तीन फेऱ्या नुसत्या डोळ्यांनी पाहाव्यात, तो थांबतो ती जागा हेरावी, तेवढ्याच अंतरावरच्या गवताच्या पात्यावर हाताने फोकस करून ठेवावा आणि तो त्या जागी येईपर्यंत कॅमेरा हलवू नये. स्वयंचलित फोकस अशा वेळी पाण्यावरची चमक किंवा मागचे गवत पकडून बसतो. मादी अंडी घालायला आली की आणखी चांगली संधी मिळते. ऑर्थेट्रमसारख्या चतुरांमध्ये मादी पोटाचे टोक पाण्यावर टेकवत एकाच जागी पुन:पुन्हा खाली-वर होत राहते आणि नर तिच्यावर थोड्या अंतरावर तरंगत पहारा देतो. दुसरा नर जवळ येताच तो झडप घालून त्याला हाकलतो आणि परत येतो, त्यामुळे तो परतण्याची जागा आपल्याला आधीच ठाऊक असते.

इथे एक अडचण लक्षात ठेवावी. पूर्ण आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा, ३०० मिलिमीटरची लेन्स, २ मीटर अंतर आणि आठचे छिद्र (लेन्सचे f/8) घेतले, तरी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम २ सेंटीमीटर खोलीचा असतो, तर पंखांचा विस्तार सात-आठ सेंटीमीटर. बाजूने टिपताना डोळ्यांपासून शेपटीपर्यंतचे शरीर कॅमेऱ्याला समांतर असेल तेव्हाच बटण दाबावे; समोरचे आणि पलीकडचे पंख पुसट होणारच. शिवाय मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरले जाते. अनेक कॅमेऱ्यांत ते चित्र एकेक ओळ वाचत जाते आणि तोवर पंख पुढे सरकल्यामुळे ते वाकडे उमटतात. अशा वेळी यांत्रिक शटरच बरे.

माळावरच्या थव्यांचे तंत्र निराळे आहे. हे चतुर बहुधा ग्लोब स्किमर, म्हणजे पँटाला फ्लॅव्हेसेन्स जातीचे असतात. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत दीड-दोन महिन्यांत ते वाढतात, त्यांच्या मागच्या पंखांचे बूड रुंद असते आणि म्हणून पंख न हलवता ते बराच वेळ तरंगू शकतात. मालदीवमध्ये दर वर्षी ऑक्टोबरपासून त्यांचे थवे येतात, आणि ते भारताकडून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. छायाचित्रकाराला याचा फायदा असा, की तरंगताना पंख स्थिर असल्यामुळे १००० चा वेगही पुरतो. मात्र शरीर पुढे जात असल्याने कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवावा लागतो. भक्ष्य टिपताना ते पुष्कळदा वाऱ्याला तोंड देऊन तरंगतात. सप्टेंबरात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणून दुपारी चारनंतर पश्चिमेला पाठ करून उभे राहिले की ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी राहतात आणि चतुर आपल्याकडे तोंड करून असतो. मागे आभाळाऐवजी टेकडीचा उतार आला तर उत्तमच. आभाळच असेल तर उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) एका पायरीने वाढवावी, नाहीतर चतुराची नुसती काळी आकृती मिळते.

असे चित्र मोठे करून पाहिले, की नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. पुढचे दोन पाय डोळ्यांच्या मागे, मानेशी दुमडून ठेवलेले असतात. शरीर वळणावर पार कलंडलेले असताना डोके मात्र जवळजवळ आडव्या पातळीत राहते. भक्ष्य पकडण्याच्या क्षणी सगळे पाय पुढे येऊन त्यांची टोपली होते, पण तो क्षण सेकंदाला वीस चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यालाही सहसा सापडत नाही. कीटक फ्रीजमध्ये थंड करून मग फेकून उडवण्याची युक्ती काही जण करतात. मला ती मान्य नाही. त्यातून मिळते ते गारठलेल्या जिवाचे धडपडणे, उड्डाण नव्हे.

सूर्य मावळल्यावर बहुतेक चतुर विसावतात, पण थॉलिमिस टिलार्गा हा लालसर चतुर तेव्हाच पाण्यावर उतरतो आणि नराच्या मागच्या पंखांवरचे पांढरे ठिपके अंधारात लुकलुकत फिरतात. त्या उजेडात २००० चा वेग विसरावा. फ्लॅशची ताकद सोळाव्या हिश्शापर्यंत किंवा त्याहून खाली आणली, की त्याचा झोतच सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागापुरता असतो आणि शटर २०० वर असले तरी पंख थिजतात. फोकस मात्र उजेड असतानाच, तळ्यातल्या एखाद्या काडीवर लावून ठेवावा. नमस्कार.