दाह: कमी पडला तर, जास्त झाला तर

डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९२६ या काळात जन्मलेली आणि लहानपणीच दत्तक गेलेली ही मुलं. रक्त एका घराचं, वाढ दुसऱ्या घरात. साडेनऊशेहून अधिक कुटुंबांतल्या मृत्यूंच्या नोंदी संशोधकांनी ताडून पाहिल्या आणि १९८८ साली निष्कर्ष छापला. जन्मदात्यांपैकी कुणी पन्नाशीच्या आत जंतुसंसर्गाने दगावलं असेल, तर मुलालाही तसंच मरण येण्याचा धोका जवळपास सहापट. ज्यांनी वाढवलं त्या आईवडिलांशी मात्र असा संबंध जुळेना. सहापट हा आकडा हात राखूनच घ्यावा, कारण अशी घरं थोडी होती. पण कल रक्ताकडे, म्हणजे आनुवंशिकतेकडे आहे, ते दिसलं.

मग एकेक जनुक सापडू लागलं. त्यातलं एक आयरॅक-४. जंतूची चाहूल लागली की पांढऱ्या पेशीवरचे संवेदक आत निरोप धाडतात, आणि तो या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या हातून पुढे जातो. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर निरोप तिथेच अडकतो आणि दाह, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीर पेटवतं ती ताप-सूज-ठणक्याची आग, नीट पेटत नाही. अशा बाळाला न्यूमोकोकस या जिवाणूमुळे मेंदूज्वर झालेला असतो, तरी अंग फारसं तापलेलं नसतं. दाह किती आहे ते सांगणाऱ्या सीआरपी या रक्ततपासणीचा रिपोर्टही सुरुवातीला चकवतो. ताप नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि तिथेच घात होतो. गंमत अशी, की बहुतेक विषाणूंशी हीच मुलं नीट झुंजतात. जी वाचतात, त्यांना किशोरवयानंतर गंभीर संसर्ग सहसा गाठत नाही.

तेव्हा ताप, सूज, ठणका यांना सरसकट शत्रू मानण्यात अर्थ नाही. अर्थात दाह हाताबाहेर गेला, की रक्तवाहिन्या झिरपतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं हात टेकतात. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेलं उत्तरच जिवावर उठतं तेव्हा, हेच घडतं.

टायके-२ या जनुकातला एक बारीकसा बदल तर दोन्हीकडे बोलतो. ज्यांच्या दोन्ही प्रतींत तो असतो, त्यांना सोरायसिस या त्वचारोगासारखे, शरीर स्वतःवरच उलटण्याचे आजार कमी होतात. क्षयाचा धोका मात्र वाढतो. या जनुकापासून बनणारं प्रथिन रोखणारी ड्यूक्राव्हासिटिनिब ही गोळी अमेरिकेत २०२२ साली सोरायसिससाठी मंजूर झाली. ती सुरू करण्याआधी रुग्णाच्या शरीरात क्षय दडून बसलेला नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं.