मोरचूद, चुना आणि गाळणकागद

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात वेलींची उन्हाळ्यातली खरड छाटणी होऊन पावसाळा लागला, की द्राक्षाच्या पानांवर फिकट निळा राप दिसू लागतो. हे बोर्डो मिश्रण, डाऊनी रोगाच्या बुरशीवर फवारलेलं. एक टक्क्याचं प्रमाण असं: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. शाळेतलं शुद्ध पदार्थ, द्रावण आणि निलंबन हे मिश्रण बनवायच्या एकाच पिंपात सापडतं.

आपण पिंपाऐवजी चंचुपात्र घेऊ.

आधी मोरचुदाचा निळा खडा. त्यात तांबं, गंधक, ऑक्सिजन आहे; शिवाय पाणीही. मग हे मिश्रण का नाही? कारण प्रमाण ठरलेलं आहे. शुद्ध मोरचूद कुठूनही आणा, 100 ग्रॅममध्ये सुमारे 36 ग्रॅम पाणीच निघेल. हे संयुग, म्हणजे शुद्ध पदार्थ. परीक्षानळीत तापवला की पाणी उडून पांढरी भुकटी उरते. थेंबभर पाणी टाका, परत निळी. खड्याला हिरवट झाक असेल, तर हिराकशीच्या (फेरस सल्फेटच्या) भेसळीचा संशय घ्यावा.

आता 1 ग्रॅम मोरचूद कुटून 50 मिलिलीटर पाण्यात विरघळवा. शेतात खड्यांची पुरचुंडी पाण्याच्या वरच्या थरात टांगतात: जड द्रावण खाली उतरतं, खड्यांना ताजं पाणी मिळत राहतं. तळाशी टाकलेले खडे तासन् तास तसेच पडून राहतात. हे द्रावण गाळणकागदातून ओता. निळंच्या निळं खाली येतं, कागदावर काही राहत नाही.

दुसऱ्या पात्रात 1 ग्रॅम विझवलेला चुना, 50 मिलिलीटर पाणी. हे पांढरं पाणी म्हणजे चुन्याची निवळी नव्हे, निलंबन आहे: न विरघळलेले कण पाण्यात तरंगत असतात. ठेवलं की साका बसतो. थोडं गाळून पाहा. खाली येणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण नळीने त्यात फुंकर मारा, दुधाळ होईल. विरघळलेला चुना गाळणीने अडत नाही. नितळ दिसतं ते शुद्ध असतंच असं नाही.

मग काचकांडीने ढवळत, मोरचुदाचं द्रावण चुन्यात हळूहळू ओता. आकाशी रंग येतो. हेही गाळा: निळा गाळ कागदावर, खाली रंगहीन पाणी. मघाशी कागदातून निसटलेलं तांबं आता अडकलं, कारण चुन्याशी अभिक्रिया होऊन त्याचे न विरघळणारे कण झाले.

चुना कमी पडला का, ते घासलेल्या लोखंडी खिळ्याने कळतं. मिनिटभर बुडवा, तांबूस लेप चढला तर तांबं अजून द्रावणात आहे, आणि असं पाणी पानं करपवतं. आणखी चुना घाला. याच कारणाने मोरचूद लोखंडी बादलीत भिजवत नाहीत. प्लॅस्टिकचं पिंप घेतात.

मोरचूद विषारी आहे. चव घ्यायची नाही, हातमोजे घालायचे, चुन्यापासून डोळे जपायचे.

मिश्रण त्याच दिवशी फवारावं लागतं. रात्रभर ठेवलं तर कण जाडे होतात, पानाला चिकटत नाहीत आणि पंपाचा नोझल तुंबतो.