काळं पातं घासू नका
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय ठरलाय जुन्या लष्करी कुकरीची पारख आणि किंमत. त्याकडे येतोच. पण आधी एक गोष्ट बोलून घेतो, कारण खरं तर तेवढ्यासाठीच मी आज आलोय. जुनं पातं हाती लागलं की ते चकचकीत करू नका!

माझ्या एका परिचितांकडे पहिल्या महायुद्धाच्या काळातली मार्क टू, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लष्करी नमुन्याची कुकरी आली. मी ती पाहिली तेव्हा पातं तपकिरी-काळं होतं, त्यावर सरकारी बाणाचा ठसा आणि 1917 हे साल स्वच्छ वाचता येत होतं. उजेडात तिरकी धरली की धारेलगतचा पट्टा वेगळ्या छटेचा दिसायचा. ते पाहून मी अक्षरशः हरखून गेलो होतो. पुढे घरात लग्न निघालं, दिवाणखान्यात मांडायची म्हणून त्यांनी ती एका दुकानात दिली. दुकानदाराने बफिंगच्या चाकावर धरून तिचा आरसा करून दिला. बाणाची टोकं गेली, सालातला शेवटचा आकडा एक की सात ते कळेना, मुठीजवळच्या खाचेच्या कडा गोल झाल्या. धारेलगतचा तो पट्टाही गेला. परिचित म्हणाले, ‘आता कशी नव्यासारखी दिसते!’ मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हसताय, पण इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी आजीची तांब्या-पितळेची भांडी घासून घासून त्यांवर घातलेली नावं पुसून टाकलीत? हात वर करा. बघा!

तो पट्टा इतका का महत्त्वाचा, ते सांगतो. नेपाळी कामी, म्हणजे लोहार, सगळं पातं सारखं कडक करत नाही. तापवलेल्या पात्याच्या फक्त धारेवर तो किटलीच्या तोटीतून पाणी सोडतो. धार कडक होते, पाठ चिवट राहते, म्हणून लाकडावर घाव घातला तरी पातं तुटत नाही. छटेतला फरक ही त्या पाण्याची खूण. ती दिसत नसेल तर कानस घ्या. धारेच्या पोटाशी, म्हणजे फुगीर भागाशी, ती घसरायला हवी आणि पाठीशी चावायला हवी. अगदी हलक्या हाताने, नजरेआडच्या जागी, आणि वस्तू आपली असेल तरच.

आणखी एक, आपल्या फायद्याचं. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला, म्हणजे जुन्या शस्त्रागारातला, शस्त्रसाठा 2003 मध्ये अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला, आणि नेपाळी सैन्याच्या हजारो कुकऱ्या जगभरच्या बाजारात आल्या. त्यांतल्या कित्येकींच्या पाठीवर देवनागरीत पलटणीची खूण आणि क्रमांक आहे. परदेशी संग्राहक त्यासाठी भाषांतरकार शोधतात, आपण सरळ वाचतो. मात्र साल असेल तर ते विक्रम संवतातलं. त्यातून 57 वजा करा. 1968 वाचून ती स्वातंत्र्यानंतरची समजू नका, ती 1911च्या सुमाराची आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय आता भराभर घेतो.

आधी मूठ. मार्क टूमध्ये पात्याचं लोखंड मुठीच्या पूर्ण रुंदीने मागपर्यंत जातं, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या रिव्हेटने बसवलेल्या. लोखंड आणि लाकूड हाताखाली सलग लागलं पाहिजे. रिव्हेट नवे आणि लाकूड जुनं, किंवा उलट, तर विचारा. मूठ बदललेली असू शकते, आणि मग किंमत उतरते.

ठसा. भिंग घ्या. पातं झिजलं असेल तर ठसाही तेवढाच झिजलेला हवा. झिजलेल्या पात्यावर कोऱ्या कडांचा ठसा म्हणजे तो नंतर मारलाय.

धार. वारंवार लावून पोट आत गेलंय का ते पाहा. खाचेपाशी तडा असेल तर वापरायला ती निकामी.

सिंहमुखी पितळी मुठीच्या, नक्षीदार कुकऱ्या बहुतेक प्रवाशांसाठी केलेल्या. घरात सुंदर दिसतात, लष्करी नव्हेत. आणि पुण्याच्या जुन्या बाजारात ‘म्यानातून काढली की रक्त पाजावंच लागतं’ असं कुणी सांगू लागलं तर त्या गोष्टीचे पैसे देऊ नका. गुरखा सैनिक तिने लाकूड फोडतो, भाजीही चिरतो.

माझा क्रम सांगतो: न घासलेलं पातं, मूळची मूठ, वाचता येणारा ठसा, मग मूळ म्यान आणि त्यातली कर्दा ही छोटी सुरी व चकमक हे धार लावायचं बोथट पातं. वरवरचा गंज दिसला तर मऊ फडकं आणि तेल, बस्स. वाळूचा कागदसुद्धा नको.

कायद्याचं राहिलं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला शस्त्र कायद्याचे नियम लागू होऊ शकतात, तेव्हा विकत घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, ती परस्पर परदेशी भाच्याला पाठवू नका. मी दोन कुकऱ्या आणल्यात, एक घासलेली आणि एक न घासलेली. टेबलापाशी या आणि दोन्हींवर बोट फिरवून पाहा.